शेवाळ आणि अण्णांचा लाल

आमच्या घरी तीन पिढ्या रेशमाचं सूत रंगवतात. पैठणीचा लाल हा अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, हातखंडा. त्या लालाचं उरलेलं पाणी मागच्या ओढ्यात जातं. ओढ्याच्या खालच्या अंगाला राहणारे म्हणू लागले, तुमच्या रंगानं पाणी मेलं, साधं शेवाळसुद्धा धरत नाही. अण्णा आपले रंगवत राहिले. मी कसली गप्प बसते! नाशकात एम.एस्सी. करत होते, इंदिरानगरात मैत्रिणीबरोबर खोली घेऊन, आणि प्रबंधाला विषय हवाच होता. म्हटलं, थांबा, शेवाळावरच सिद्ध करून दाखवते. अण्णा निर्दोष आहेत हे मी आधी ठरवलं, तपासणी नंतर.

पुढच्या खेपेला घरून बाटलीभर रंग घेतला. नाशकात द्वारका चौकात बस सोडून शेअर रिक्षात बसले तोवर झाकण सैल होऊन पिशवीतून लाल थेंब गळायला लागले. शेजारच्या बाई आधी पिशवीकडे, मग माझ्याकडे बघत राहिल्या. रेशमाचा रंग आहे म्हणून सांगितलं, तरी त्या पुढच्या चौकात उतरून गेल्या.

प्रयोग तसा सोपा. काचेच्या फ्लास्कमध्ये गोड्या पाण्यातलं हिरवं शेवाळ वाढवायचं, काहींत रंग कमी-जास्त घालायचा, काही तसेच ठेवायचे, आणि चार दिवस रोज सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजायच्या. रंगातलं माझं शेवाळ दुसऱ्याच दिवशी मरून तळाला बसलं. मी हबकलेच. प्रबंधाच्या मार्गदर्शक मॅडमनी विचारलं, बाटलीत नक्की काय होतं? तेव्हा ध्यानात आलं. आमच्याकडे रंग म्हणजे चुलीवरच्या पातेल्यातला तयार रंग. त्यात रेशमावर रंग चढावा म्हणून ॲसिड पडलेलं असतं, ते कुणी वेगळं धरतच नाही. रंगाऱ्याच्या लेकीनंच करावी अशी ही चूक. पण मला वाईट वाटायच्या ऐवजी आनंद झाला. मारलं ते ॲसिडनं, रंग सुटला!

मग डब्यातली रंगाची कोरडी पूड आणली. या वेळी शेवाळ मेलं नाही, पण वाढेना. मॅडम म्हणाल्या, लाल पाणी उजेडही अडवतं. शेवाळ विषानं खुरटलं की उजेडावाचून, हे कशावरून ठरवणार? उपायही त्यांनीच सांगितला. साध्या पाण्यातलं शेवाळ लहान फ्लास्कमध्ये ठेवायचं आणि तो फ्लास्क रंगीत पाण्याच्या मोठ्या भांड्यात. उजेड लाल पाण्यातूनच येणार, पण रंग शेवाळाला शिवणार नाही. हेही खुरटलं, तर दोष उजेडाचा. मी पुन्हा हरखले.

ते चार दिवस मी देव पाण्यात घालून बसले होते. मोठ्या भांड्यातलं शेवाळ जरा सावकाश, पण हिरवंगार वाढलं. रंगात बुडालेलं जागच्या जागी. मोजताना चुकले असेन म्हणून सगळं पुन्हा केलं. मग तिसऱ्यांदा केलं. निकाल तोच. चौथ्यांदा फ्लास्क मांडायला लागले तेव्हा मॅडमनी एवढंच विचारलं, की दुसऱ्या कुणाचा रंग असता तर तू पहिल्या निकालावर थांबली असतीस ना? आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. मला माझीच लाज वाटली. फ्लास्क धुवून पालथे घातले.

रविवारी घरी गेले. अण्णा पातेल्यात सुताची लड फिरवत उभे होते. मी काहीही हातचं न राखता सांगितलं. ॲसिड मारतंच, पण तुमचा लालही शेवाळाला वाढू देत नाही. ओढ्याकाठचे लोक खरं बोलत होते. सांगताना रडू आलं, ते मी आवरलं नाही. त्यांनी लड फिरवायची थांबवली नाही, अर्धी ओली राहिली की डाग पडतो.

मी म्हणाले, "रंग कुठून आणला ते मी प्रबंधात लिहीत नाही."

"लिही," अण्णा म्हणाले. "पैठणीच्या कौतुकाला माझं नाव लागतं, तर हितं बी लागू दे."

लड वाळत टाकून झाल्यावर त्यांनी परसातलं रिकामं पिंप ओढत आणलं आणि उरलेलं लाल पाणी त्यात ओतायला मला पातेल्याचा दुसरा कान धरायला सांगितला.