शंभर ग्रॅमचा प्रसाद

हळदीच्या पानात वाफवलेल्या मोदकांचा वास आला, की काळाचौकीचा आमचा चॅम्पियन आठवतो. बॉक्सिंगच्या लाइटवेट गटात अकरा वर्षं अजिंक्य. त्याचा ठोसा नुसता हवेत गेला, तरी शिवडीपर्यंतचे कावळे उडायचे! लढतीआधी काट्यावर वजन गटाच्या मर्यादेत बसायला हवं म्हणून गडी दोन दिवस पाण्यावाचून होता. निघताना मीच दोन मोदक घेऊन आडवा गेलो. “बाप्पाच्या प्रसादाला नाही म्हणतोस? जोडीने खा!” “काका, आज नको ना,” म्हणत त्याने डोळे मिटून दोन्ही खाल्ले. काट्यावर शंभर ग्रॅम जास्त भरले. चड्डीसुद्धा उतरवली, तरी काटा हलेना. एकही ठोसा न खाता किताब गेला, तो कायमचा. परतल्यावर एवढंच म्हणाला, “मोदक छान होते, काका.” आजही मी चाळीत छातीठोक सांगतो, काटाच खोटा होता, आणि तो शेजारी उभा राहून मान डोलावतो.