दोन रेघा आणि देवासमोरचा नारळ

घरात बोलता येत नाही, म्हणून इथे लिहितेय.

लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही. सध्या मी एक छोटं मशीन वापरते. लघवीची पट्टी त्यात घातली की ते हार्मोन मोजून सांगतं, स्त्रीबीज कधी सुटणार. आज सकाळी मशीन म्हणालं, आजच! त्या नादात दोन रेघा उमटलेली पट्टी बेसिनवरच विसरले.

चहा घेऊन आले, तर सासूबाई देवासमोर नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतायत. मला बघताच त्यांनी माझ्या तोंडात साखर घातली. "दोन रेघो बघलंय मी!"

यार, साखर विरघळेपर्यंत मी थांबले. तेवढा वेळ तरी ते खरं होतं ना.

मग सांगितलं, "आई, ही टेस्ट वेगळी आहे. दिवस गेले नाहीत. आज प्रयत्न केला तर जातील कदाचित."

त्यांनी माझ्या हातातला चहा घेतला. घाटकोपरला आमची एकच खोली. रात्री त्यांचं अंथरूण आमच्या शेजारीच असतं.

दुपारी बघते तर पिशवी भरून वाकोल्याला त्यांच्या बहिणीकडे मुक्कामाला निघालेल्या. "आज वाकोल्याकच रवतलंय. त्याका लवकर येऊक सांग." चपला घालता घालता म्हणाल्या, "नारळ उचलू नको हां. देवाक सांगलंय ता सांगलंय."

नारळ अजून तिथेच आहे. नवरा पवईहून, कामावरून निघालाय.

तुमच्यासाठीही कुणी, न बोलता, अशी जागा करून दिलीय का गं?