चुकलेले डोस : शून्य

"परबजी, ये तो आप ही का डेटा है," दिल्लीचे अधिकारी स्क्रीनवरून म्हणाले. "मिस्ड डोस, झीरो. फिर शॉर्टेज कहाँ है?"

लालबागच्या आमच्या ऑफिसात एका लॅपटॉपसमोर आम्ही तिघं खुर्च्या चिकटवून बसलो होतो. मी, संस्थेच्या अध्यक्ष मनीषाताई आणि सदस्य सुरेखा. तक्ता मीच केला होता. दोनदा तपासला होता. त्यात एकही चूक नव्हती आणि अडचण तीच होती.

साहेब वाईट नव्हते. त्यांच्यासमोर दोन कागद होते. एकात औषधं देणाऱ्या सेंटरचा स्टॉक, तो कधीच संपलेला नव्हता. दुसऱ्यात आमचे आकडे, त्यात कुणाची गोळी चुकलेली नव्हती. पंधरा दिवसांनी पुन्हा बोलू म्हणाले आणि स्क्रीन काळी झाली.

आमची संस्था एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसांनीच चालवलेली आहे. मीही त्यांतलाच. पूर्वी एका औषध कंपनीच्या गोदामात स्टॉक बघायचो, म्हणून इथे नोंदी माझ्याकडे आल्या. इतर राज्यांत अशाच संस्था आहेत. सगळ्यांकडून माहिती गोळा करून ती दिल्लीत मांडायची, याला ॲडव्होकसी म्हणतात. साध्या भाषेत, आपल्याला काय कमी पडतंय ते आपणच पुराव्यासकट सांगायचं.

एचआयव्हीच्या औषधाला एआरटी म्हणतात. बहुतेकांना रोज एक गोळी, ठरलेल्या वेळी, जन्मभर. ती नियमित घेतली की विषाणू दबलेला राहतो. माणूस नोकरी करतो, संसार करतो. वारंवार खंड पडला तर विषाणू त्या औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. गोळ्या सरकारी रुग्णालयातल्या एआरटी सेंटरवर मोफत मिळतात. तीस गोळ्यांची सीलबंद बाटली, महिन्यातून एक फेरी.

तेव्हा आमच्या सेंटरवर दोन महिने बाटल्या फोडून दहा-दहा गोळ्या कागदी पुडीत देत होते. वरून माल कमी येत होता. काउंटरवरच्या माणसाचा दोष नव्हता, त्याला आहे ते सगळ्यांना पुरवायचं होतं. पण आमच्या एका फेरीच्या तीन झाल्या.

सुरेखाला हे जड जात होतं. ती परळला एका पोळीभाजी केंद्रात पोळ्या करते. सकाळी सातला हजर, सुटका तीनला. सेंटरही त्याच वेळात उघडं. नवरा जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी बारावीला. मालकीणबाईंना तिने बीपी सांगितलं होतं.

"बीपीच्या गोळ्या कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे मिळतात गं," त्या म्हणाल्या होत्या. "त्याला दर आठवड्याला अर्धा दिवस कशाला? पुढच्या महिन्यात एकापेक्षा जास्त सुट्टी झाली तर मी दुसरी बाई बघते."

एचआयव्ही पोळीतून पसरत नाही. हे मला माहीत आहे, तुम्हालाही माहीत असेल. पण तिथे डबे घेऊन रांगेत उभ्या असलेल्या लोकांना ते समजावत बसण्याची सुरेखाची तयारी नव्हती. म्हणजे पुढच्या महिन्यात पूर्ण बाटली मिळायला हवी होती, नाहीतर तिची नोकरी गेली असती.

दुसऱ्या दिवशी मी अडतीस सदस्यांची हिरवी पुस्तकं मागवली. एआरटी घेणाऱ्या प्रत्येकाकडे हे पुस्तक असतं. कोणत्या तारखेला किती गोळ्या दिल्या ते त्यात लिहिलेलं असतं. गोदामाची सवय लागलेला माणूस जे करतो तेच मी केलं. आवक एका बाजूला, खप दुसऱ्या बाजूला.

सुरेखाला तीन तारखेला दहा गोळ्या मिळाल्या. त्या बारा तारखेपर्यंत पुरतात. पुढची फेरी सतरा तारखेला. मधले चार दिवस घरात गोळी नाही. आणि संस्थेसाठी दर महिन्याला भरायच्या तिच्या फॉर्मात चुकलेले डोस शून्य.

मी अडतीस जणांचे असे रिकामे दिवस मोजले. एकशे सहासष्ट भरले. एकशे सहासष्ट गोळ्या सेंटरने दिल्या नव्हत्या, तरी त्या पोटात गेल्या होत्या.

कोडं वगैरे काही नव्हतं. कुठून आल्या ते मला ठाऊक होतं. शनिवारच्या बैठकीत चहा झाला की कुणीतरी पर्समधून पुडी काढायचं. "तुझी फेरी मंगळवारी ना? घे चार. मी सोमवारी जातेय." कुणाकडे जुनी शिल्लक होती, कुणाकडे वारलेल्या भावाची अर्धी बाटली. सगळ्यांची औषधं एकच नसतात, त्यामुळे दुसऱ्याची गोळी घेऊ नका असं डॉक्टर बजावतात आणि ते बरोबरच आहे. आमचे लोक पुडीवरचं किंवा बाटलीवरचं नाव वाचून, गोळी गोळीला लावून घ्यायचे. तरीही ओरडा बसेल म्हणून सेंटरवर कुणी बोलायचं नाही. आमचा फॉर्म फक्त डोस चुकला का एवढंच विचारायचा. चुकला नव्हता. लोकांनी खरं लिहिलं, मी खरी बेरीज केली.

मी मनीषाताईंना म्हटलं, "नवा रकाना घालू. गोळी कुठून आली?"

"वेड लागलंय का, परब? उद्या सेंटरवर एकेकाला उभं करून झापतील. गोळ्या वाटता म्हणून."

"नाही लिहिलं तर दिल्लीत शॉर्टेज नाहीच."

"आणि लोक लिहितील? इतकी वर्षं आपणच शिकवलंय, एकही डोस चुकवायचा नाही. आता सांगायचं, उसनं घेतलं तेही लिहा?"

"पहिला फॉर्म माझा," मी म्हटलं. "मुलीच्या ॲडमिशनला पुण्याला गेलो तेव्हा फेरी हुकली होती. तीन गोळ्या घेतल्या. कुणाकडून ते तुम्हाला माहीत आहे."

त्यांच्याकडूनच घेतल्या होत्या. ताईंनी माझ्याकडे बघितलं. "बरा आहेस रे. मलाच अडकवतोस."

सुरेखा दारात चप्पल घालत होती, ती तशीच थांबली. "ताई, लिहू दे ना. माझं नाव नको, पण गोळ्या लिहा. मी काय चोरून खाल्ल्या का? जगायला खाल्ल्या."

ताईंनी एक कोरा फॉर्म पुढे ओढला. मग म्हणाल्या, "नावं कुणाचीच नाहीत. नुसते नंबर. आणि नंबरांची यादी तुझ्या कपाटात, किल्ली माझ्याकडे."

तो एक रकाना आम्ही इतर राज्यांतल्या संस्थांना पाठवला. मला वाटलं, चार-पाच उत्तरं येतील. तिसऱ्या दिवशी फोन वाजायला लागला तो थांबेना. एका बाईंनी दुसऱ्या टोकाच्या राज्यातून हिंदीत विचारलं, "भैया, आपके यहाँ भी ऐसा करते हैं? हमें लगा सिर्फ़ हम ही." मला दिवसभर हेच ऐकू येत होतं. प्रत्येक गावाला वाटत होतं की आपण एकटेच लपवतोय.

दुसरी मीटिंग झाली तेव्हा स्क्रीनवर नऊ राज्यांतल्या संस्था होत्या. मी तक्ता दाखवला. तारीख, मिळालेल्या गोळ्या, पुढची तारीख, रिकामे दिवस, गोळी कुठून आली. साहेबांनी चष्मा काढून परत लावला.

"ये तेरह से सोलह तारीख, गोली किसने दी?"

मनीषाताई म्हणाल्या, "साहब, जिसके पास पाँच थी, उसने."

साहेबांनी मग सेंटरच्या रिपोर्टकडे बोट केलं. "लेकिन स्टॉक तो कभी ज़ीरो नहीं हुआ."

याचं उत्तर माझ्याकडे होतं. दहा-दहा वाटलं की स्टॉक शून्यावर येतच नाही. किती शिल्लक आहे हे विचारण्याऐवजी एका भेटीत किती दिवसांच्या गोळ्या दिल्या हे विचारा, म्हणजे टंचाई त्याच महिन्यात दिसेल. साहेबांनी ते लिहून घेतलं. मग विचारलं, "उधार देनेवालों पर सेंटर में कोई कार्रवाई तो नहीं होगी, यही चाहते हैं न आप?" आम्ही काही बोलायच्या आतच "नहीं होगी," असं त्यांनी मीटिंगच्या मिनिट्समध्ये घालायला सांगितलं.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, जिथे जास्त माल पडून होता अशा दुसऱ्या राज्यातून आमच्याकडे बाटल्या आल्या. सेंटरच्या मासिक रिपोर्टात, एका भेटीत किती दिवसांच्या गोळ्या दिल्या याचा नवा रकाना आला. शहरातल्या दोन सेंटरांवर आणखी महिनाभर पंधराच गोळ्या मिळत होत्या, पण या वेळी ते रिपोर्टात दिसलं आणि त्यांचाही माल आला. सुरेखाची त्या महिन्यात एक सुट्टी झाली. मालकीणबाईंनी काही विचारलं नाही. ती अजून तिथेच आहे आणि दिवाळीपासून तिच्या हाताखाली दोन बायका आहेत.

माझ्या कामात एक बदल झाला. फॉर्मात शून्य आलं की पूर्वी मी बरोबरची खूण करून पान उलटायचो. आता फोन लावतो आणि विचारतो, "कसं जमवलंत?"