एकाच नावाची दोन पोरं

साठच्या दशकात आखातात, देऱ्याला, खाडीकाठच्या एका कंपनीत मी टायपिस्ट होतो. आमचा साहेब स्कॉटिश. त्याला चुकून इंग्लिश म्हटलं, की अर्धा दिवस ऑफिसात कुणाची धडगत नसे.

तिकडे मायदेशी त्याचा म्हातारा बाप अंथरुणाला खिळला होता. आपल्या आजोबांच्या गावात आपल्याला पुरावं, एवढीच त्याची इच्छा. पण आजोबा लहानपणीच शहरात आलेले. गाव कुठलं, ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. साहेब तिकडच्या दफ्तरांना पत्रं सांगायचा, मी टाइप करायचो.

जुन्या खानेसुमारीत आजोबा सापडले. वय, आईबापांची नावं, जन्माचं गाव, सगळं होतं. त्या गावच्या चर्चच्या वहीत बाप्तिस्माही निघाला. साहेबाने सगळ्या ऑफिसला चहा पाजला. पुढच्या टपालाने त्याच मुलाच्या दफनाची नोंद आली. दोन वर्षांचा होऊन गेला होता.

"खलास," साहेब म्हणाला. "गाव चुकलं. फाइल बंद कर."

मी फाइल बंद केली नाही. खानेसुमारीतलं वय त्या बाप्तिस्म्याच्या तारखेशी जुळत नव्हतं, तीन वर्षांनी कमी होतं. साहेबाला ती कारकुनाची चूक वाटली. कारकुनांवर खापर फोडलेलं मला मुळीच आवडत नाही.

"सर, हा तो नाही. याच्या पाठचा बघा."

"एका आईला एकाच नावाचे दोन मुलगे?"

"का नाही? माझ्याआधी एक भाऊ झाला, लहानपणीच गेला. त्याचंच नाव आईने मला ठेवलं."

साहेबाने खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाला, "लिही."

तिकडून उत्तर आलं, नोंद पाठवली आहे, पुन्हा शोधायचं कारण नाही. मी पुन्हा लिहिलं. साहेब कंटाळला, पण मी खनपटीलाच बसलो. म्हातारा मरायच्या आत गाव मिळायलाच हवं होतं. तिसऱ्या पत्राला उत्तर आलं : तेच आईबाप, तेच नाव, तीन वर्षांनंतरचा बाप्तिस्मा. साहेबाने स्वतः धावत जाऊन तार केली.

बाप त्याच हिवाळ्यात गेला आणि त्याच गावात पुरला गेला. साहेब रजेवरून परतला तो सरळ माझ्या टेबलापाशी आला.

"तार वाचून दाखवली तेव्हा वडील खूश झाले. मग म्हणाले, आणि पहिल्याचं काय? त्याच्यावर दगड आहे का? नव्हता. आता आहे. त्यांनीच लावायला सांगितला."

मी मान हलवली आणि टाइपरायटरमध्ये कागद घातला. तीस वर्षं मी भावाचं नाव वापरत होतो. पहिल्याला कुठे पुरलंय, हे आईला मी एकदाही विचारलं नव्हतं.