माझ्या नावावर उतरलेला फ्रीज

फ्रीज मी पाठवला नव्हता. एवढं एक वाक्य वेळेवर बोललो असतो तर पुढचं बरंच टळलं असतं. निदान दादा-वहिनी त्यात ओढले गेले नसते.

मी भोरमध्ये एका शाळेच्या कार्यालयात कारकून आहे. शाळेत मला सगळे भाऊसाहेब म्हणतात. पोरांच्या आधार कार्डांच्या झेरॉक्स माझ्या कपाटात कुलपात असतात. "झेरॉक्सवर कशासाठी दिली ते लिहा, मगच द्या," असं पालकांना बजावणारा माणूस मीच. थोरला भाऊ विंझरच्या पुढे, रस्त्यापासून थोडं आत, आमच्या गावच्या घरी असतो. भात, थोडा भाजीपाला, दोन म्हशी. अकरावीला मी भोरला आलो तो त्याच्या जिवावर. खोली, खाणावळ, पुस्तकं, सगळं त्याने बघितलं. स्वतः सातवीनंतर शाळेत गेला नाही. नोकरी लागल्यावर मी त्या घराला काय दिलं म्हणाल, तर दिवाळीला मिठाईचा पुडा. आधार कार्डावर पत्ता मात्र अजून गावचाच. तो बदलायचाही राहून गेला होता.

वहिनींना साखरेचा आजार आहे. रोज इन्सुलिन टोचून घ्यावं लागतं आणि ते थंड ठेवावं लागतं. घरी फ्रीज नव्हता. विंझरच्या एका किराणा दुकानात कोल्ड्रिंकच्या बाटल्यांमागे त्यांची औषधाची डबी असायची. सकाळ-संध्याकाळ चालत जायचं, दुकानाच्या मागच्या खोलीत टोचून घ्यायचं, परत यायचं. उन्हात, चिखलात, पाहुणे घरात असतानासुद्धा. हे मला माहीत होतं. पैसे नव्हते असं नाही. सुचलं नाही असंही नाही. नुसतं बघत राहिलो.

तर एका दुपारी शाळेत दाखल्यांची गर्दी असताना वहिनींचा फोन आला.

"भाऊजी, आला बरं का."

"काय आलं?"

"आता काय आलं म्हणं. टेम्पोवाल्यानं तुमचंच नाव वाचून दाखवलं. लई मोठा फ्रीज हाय ओ. एवढा कशाला, दोन माणसं आमी." मग त्यांचा आवाज बारीक झाला. "तुमचे दादा तर काय बोलंनातच. नुसतं दार उघडत्यात न् लावत्यात. तुमीच पाठिवला न्हवं?"

"हो," मी म्हणालो.

का म्हणालो, याचा विचार मी तेव्हापासून करतोय. समोर पालक उभे होते, घाई होती, ही सगळी मागाहून शोधलेली कारणं. खरं एवढंच, की त्या विचारण्यात जो आनंद होता तो इतक्या वर्षांत माझ्यामुळे त्या घरात कधी झाला नव्हता. मला तो हवा होता.

घरी येऊन बायकोला विचारलं. ती म्हणाली, "मी कशाला पाठवू? पाठवला असता तर तुम्हाला सांगितलं नसतं का? चुकून आला असेल. दादांना सांगा, खोकं फोडू नका म्हणावं."

"सांगतो," म्हणालो. खोकं कधीच फुटलं होतं. वहिनींनी फ्रीजला हळद-कुंकू लावून पुढे नारळही वाढवला होता. चुकून आला असेल तर न्यायला येतील, तोवर राहू दे, असं मी मनाशी म्हणत राहिलो. न्यायला कुणी आलं नाही. पुढच्या महिन्यात मोबाईलवर संदेश आला, कर्जाच्या पहिल्या हप्त्याचा. वर माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

तो वाचला आणि मला नसरापूरची छत्री आठवली. रस्त्याकडेला छत्री लावून एक जण सिमकार्डं विकत होता. मी आधार दिलं. त्याने पॅन मागितलं, तेही दिलं. त्याने मोबाईल माझ्या तोंडासमोर धरला, डोळे मिटायला लावले, उघडायला लावले. "काका, नेटवर्क गेलं, परत एकदा." परत मिटले. मोबाईलवर आलेला आकडा त्याने दोनदा विचारला, मी दोनदा सांगितला. सिमकार्डाला पॅन कशाला लागतं, हे रोज दुसऱ्यांना शहाणपण शिकवणाऱ्या मला विचारावंसं वाटलं नाही.

त्याच दिवशी पोलिसांत जायला हवं होतं. मी काय केलं, तर हप्ता भरला. माझा हिशेब असा, की गुपचूप फेडत राहिलो तर फ्रीज खरोखरच माझा होईल आणि मी म्हटलेलं "हो" खरं ठरेल. चोराने माझ्या नावावर आणलेली वस्तू मी आतून आपली करून घेत होतो, आणि त्यात मला थोडं बरंही वाटत होतं.

मग कंपनीतून एका बाईंचा फोन आला. पुढच्या हप्त्याची आठवण करून द्यायला. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "सर, फ्रीज आणि दोन मोबाईल, तिन्हींचं एकच खातं आहे तुमचं."

"कुठले मोबाईल?"

"तुम्हीच घेतलेत ना सर, दुकानातून."

त्या दिवसापासून मला नीट जेवण गेलं नाही. माझ्या नावाचे दोन मोबाईल कुणाच्या तरी खिशात होते. त्यावरून ते कुणाला फसवत असतील, कुणाला धमक्या देत असतील, आणि शोध घेत घेत पोलीस येणार ते माझ्या दारात. शिपायाने "भाऊसाहेब, भेटायला आलंय कोणतरी" म्हटलं की मी आधी खिडकीतून कोण आहे ते बघून घ्यायचो. अनोळखी नंबर वाजला की मी मोबाईल फायलीखाली सरकवायचो. वाजून वाजून बंद झाला की आणखी भीती वाटायची. वीस वर्षांची नोकरी, आणि गावात तोंड दाखवायचं ते वेगळंच.

शेवटी बायकोने धक्का देऊन वकिलांकडे पाठवलं. वकीलबाईंचा मुलगा आमच्याच शाळेतला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "फ्रीज कुठाय?"

"भावाकडे."

"चालू आहे?"

"हो."

त्यांनी चहाचा कप बाजूला ठेवला. "मोबाईल तुम्ही पाहिलेसुद्धा नाहीत, तिथे लढता येईल. पण फ्रीज तुमच्या भावाच्या घरात चालू, आणि वर हप्ता भरलेला. कंपनी म्हणेल, हा कसला चोर, ज्याला लुटलं त्याच्याच भावाला फ्रीज पोचवतो?"

त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"भाऊसाहेब, नीट ऐका. तुमचं नाव चोरून कुणी वस्तू घेतली तर ती वस्तू तुमची होत नाही, आणि ते कर्जही तुमचं नाही. पण ती तुमच्या दारात आली, तर कळलं त्या दिवसापासून तुम्ही तिचे राखणदार. लगेच कळवायचं. वापरायची नाही, विकायची नाही, लेखी पावती घेतल्याशिवाय कुणाच्या हातात द्यायची नाही. आणि हप्ता तर एकही भरायचा नाही. भरला की कर्ज मान्य केलं, असंच ते धरतात. हे सगळं कळूनही माणूस वस्तू वापरत राहिला, तर तो फसवला गेलाय यावर कोण विश्वास ठेवेल?" मग थांबून म्हणाल्या, "घरच्यांना कुणी सांगितलं, तुम्ही पाठवलाय म्हणून?"

"त्यांचा तसा समज झाला," मी म्हणालो. वकिलापुढेही.

"त्यांचेही जबाब होतील. आजच जाऊन सांगा."

मी गेलो. सांगायलाच गेलो होतो. वहिनींनी फ्रीजमधून ताक काढून पुढे ठेवलं. दाराच्या कप्प्यात त्यांची औषधाची डबी होती, बाजूला लिंबं, कोथिंबीर ओल्या फडक्यात. "आता दुकानात जायाचं बंद," त्या म्हणाल्या. "दुकानवाला म्हणतो, वहिनी, कोल्ड्रिंक तरी प्यायला येत जावा." त्या हसल्या. मी ताक पीत राहिलो.

दादा म्हणाला, "त्या टेम्पोवाल्याची गंमत ऐकलीस का? वाटंत त्याला फोनवर फोन. 'नसरापूरच्या फाट्यावर थांब, आमी माल उतरून घेतो.' त्यो आपल्या हिकडचाच, मला वळखतो. म्हणला, कशाला थांबू, घर ठाव हाय मला, दारात उतरवतो. भला माणूस."

म्हणजे फ्रीज फाट्यावरच गायब व्हायचा होता. एका भल्या माणसाच्या ओळखीमुळे तो इथे पोचला होता.

"आन् परवा एक मोटारसायकलवाला दुकानात इचारीत हुता," दादा पुढे म्हणाला, "फ्रीज कुणाकडं उतरला म्हणून. तू धाडलावतास का कुणी, बघायला?"

मी ताकाचा पेला खाली ठेवला. आमचं घर वस्तीच्या टोकाला. दिवसभर दादा शेतात, वहिनी एकट्या.

"कुणी आलं तरी द्यायचा नाही," मी म्हणालो. "कंपनीचा माणूस म्हणाला तरी."

"आमी कशाला देतोय?" वहिनी म्हणाल्या. "भाऊजींनी दिलेली वस्तू."

मी तसाच उठलो. परत येताना मागून मोटारसायकल आली की मी स्कूटर कडेला घ्यायचो आणि ती पुढे जाईपर्यंत तिच्याकडे बघत राहायचो.

दुसऱ्या दिवशी तक्रार दिली. दादाला फोन केला. "दादा, तो फ्रीज मी पाठवलेला नाही. कुणीतरी माझ्या नावावर फसवून घेतलाय. पोलीस पंचनामा करायला येतील."

फोनमध्ये म्हशीच्या गळ्यातल्या घंटेचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, "बरं. तू ये." मग तू हो कसं म्हणालास, हे त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

हवालदार आले तेव्हा फ्रीज रिकामा, पुसलेला आणि बंद होता. वहिनींनी दूध, लिंबं सगळं बाहेर काढलं होतं. औषधाची डबी ओलं फडकं गुंडाळून माठाजवळ. शेजारचे दोघे पंच म्हणून पडवीत बसले. हवालदारांनी फ्रीजवरचे आकडे उतरवून घेतले आणि दादाला विचारलं, "हा तुमच्या भावाने पाठवला, असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई," दादा म्हणाला. "नाव त्याचं हुतं, म्हणून आमीच तसं धरून चाललो."

"फोन करून विचारलं नाही?"

"न्हाई."

"भाऊ स्वतःहून काही बोलले?"

"त्यो?" दादाने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "त्यो लहानपणापासून मुका हाय. त्याला काय इचारायचं?"

पंचांपैकी एक हसला. वहिनी उंबऱ्यात उभ्या होत्या, त्या खाली बघत होत्या. त्यांनी फोन केला होता, हे घरातल्या तिघांनाही ठाऊक होतं. हवालदार लिहीत होते. ते लिहिणं माझ्या बाजूचं होतं. तसं राहिलं असतं तर माझी बाजू भक्कम. पण माझा भाऊ आयुष्यात पहिल्यांदा पोलिसांपुढे खोटं बोलत होता, आणि उद्या फोनच्या नोंदीवरून ते उघडं पडलं तर खोटारडा तो ठरणार होता.

"साहेब, ते खोडा," मी म्हणालो. माझाच आवाज मला ओळखू येईना. "वहिनींनी फोन केला होता. तुम्हीच पाठवला का म्हणून विचारलं. मी हो म्हणालो. पुढे कर्जाचं कळलं, तरी सांगितलं नाही. हप्ताही भरला."

हवालदारांनी पेन थांबवलं. "भाऊसाहेब, हे लिहिलं तर तुमच्याच अंगाशी येईल. कंपनी हेच धरून बसेल."

"लिहा."

"कळलं तरी सांगितलं नाही, का?"

मी वहिनींकडे बघितलं. त्यांनी पदर तोंडाला लावला होता.

"द्यायचा होता," मी म्हणालो. "कधीच दिला नव्हता. आयता आला, म्हणून."

हवालदारांनी ते तसंच लिहिलं की आपल्या भाषेत, मला माहीत नाही. दादा मात्र माझ्यावर चिडला. "म्या हितं तुला वाचवतोय न् तू," तो म्हणाला. "जलमात पैल्यांदा तोंड उघडलंस, ते ह्यांच्यासमोर."

मग ताब्याचा प्रश्न आला. कंपनी नेईपर्यंत किंवा वरून हुकूम येईपर्यंत वस्तू कुणाच्या तरी जबाबदारीवर ठेवावी लागते. मोडली, हरवली, कुणी उचलून नेली, तर तो माणूस जबाबदार. मी म्हणालो, माझ्या नावावर लिहा.

"तुम्ही राहता भोरला," हवालदार म्हणाले. "वस्तू ज्याच्या घरात, त्याची सही."

मी दादाला म्हणालो, "नको करूस. नेऊ देत ते ठाण्यात."

"ठाण्यात जागा नाही," हवालदार म्हणाले.

दादाने पेन घेतलं. सही करताना तो नेहमी जीभ दातांत धरतो, तशी धरली आणि सावकाश, एकेक अक्षर गिरवत, माझ्या नावावर आलेल्या फ्रीजखाली आपलं नाव लिहिलं.