रुखमाची गिटार

१९७८ साली आंधळगावचा टेकचंद इंजिनचा पट्टा आणायला नागपूरला गेला आणि येताना पट्ट्यासोबत गिटारही घेऊन आला. दुकानात कोणीतरी वाजवताना पाहिली आणि मन बसलं, एवढंच.

थोडे दिवस त्यानं ओसरीवर बसून तारा छेडल्या. बोटांना फोड आले. मग गिटार खुंटीवर गेली.

त्याची बायको रुखमा एक दिवस धूळ झटकत होती, तर एक तार वाजली. आवाज तिला आवडला. दुपारी सासूबाई झोपल्या, नवरा शेतावर, असं पाहून तिनं गिटार मांडीवर घेतली. शिकवणारं कोणी नव्हतं. ती भुलाबाईचं गाणं हळूच गुणगुणायची आणि एकेका सुराची जागा तारेवर शोधायची. सापडली की तिथं लाकडावर कुंकवाचं बोट टेकवायची. बोटं दुखण्याचा प्रश्न नव्हता. धानाचे परे, म्हणजे रोपं, उपटून आणि चिखलात रोवणे करून ती केव्हाच राठ झाली होती. दिवाळीपर्यंत अडखळत का होईना, अख्खं गाणं वाजू लागलं.

एके दुपारी टेकचंद दोर न्यायला घरी आला आणि दारातच थांबला.

"काय करून राहिली वो?"

"वाजवून राहिली."

"तुले कोनं शिकवलं?"

"कोन शिकवीन? गाणं मले येतेच. जागा तेवढ्या धुंडल्या."

तो तिथंच बसला. थोडा वेळ तोंड उतरलेलं होतं. मग म्हणाला, "मले बी शिकव."

तिनं मनापासून शिकवलं. पण टेकचंद घाईचा, एक सूर धड लागायच्या आत पुढच्यावर जायचा. शेवटी तिनं त्याच्या हाती टाळ दिले.

शेजारच्या मंगलाबाई महिला भजनी मंडळात पेटी वाजवत. भिंतीपलीकडून ऐकून त्या पेटीच घेऊन आल्या. "तुह्या तारा माह्या पेटीशी जुळत नाही. खुंट्या पिळून पाह्य." पिळता पिळता एक तार तुटली. बाकीच्या पाच जुळल्या. नवी तार गावात मिळणार नव्हती, म्हणून रुखमा पाचांवरच वाजवू लागली.

गोकुळाष्टमीला देवळात मंडळाचं भजन होतं, मंगलाबाई तिलाही घेऊन गेल्या. रुखमा सगळ्यांच्या मागे, गिटारीवर पदर ओढून बसली. दुसऱ्या कडव्यात तिची जागा चुकली आणि हात थांबला. मंगलाबाईंनी मागे पाहिलं आणि तीच ओळ पुन्हा धरली. बायका ती ओळ घोळवत राहिल्या, रुखमाला जागा सापडेपर्यंत. लोकांना वाटलं, चाल अशीच आहे. ऐकायला आलेल्या कौशल्याबाई तर म्हणाल्या, "ते मधात घोळवलं नाही का, तेच लय गोड वाटलं."

पुढं कितीतरी वर्षं मंडळाला मोहाडी, तुमसरकडून बोलावणी येत. गिटार गोधडीत गुंडाळून टेकचंद सायकलवर नेई. वाटेत कोणी विचारलं तर सांगे, "घेतली मी. वाजवते माही बायको."