सदर कृत्य वैयक्तिक!

लातूरला सरकारी वकिलांच्या ऑफिसात मी टायपिस्ट होतो. नांदेडला बदली होऊन बरेच दिवस झाले, पण लातूरचे किस्से काही संपत नाहीत. चहाला चारजण जमले की एकामागून एक निघतात, आणि प्रत्येकात आमचे सरकारी वकील गायकवाड साहेब असतातच. फार आठवण येते त्यांची.

कर्मचाऱ्याच्या हातून काही चुकलं आणि सरकारवर दावा आला, की उत्तरात एक वाक्य ठरलेलं: 'सदर कृत्य कर्मचाऱ्याने वैयक्तिकरीत्या केले असून शासन त्यास जबाबदार नाही.' कॉम्प्युटरवर ते तयारच ठेवलेलं. साहेब नुसतं म्हणायचे, "टाक आपला मंत्र!"

*

औशाला एका ऑफिसची जीप चहाच्या टपरीत घुसली. ऑफिस म्हणालं, ड्रायव्हर ड्युटीवरच नव्हता. साहेबांनी ड्रायव्हरला विचारलं, "अरे, पण तुझे अधिकारी शेजारीच बसले होते ना?"

"हाव साहेब. त्येबी वैयक्तिकच बसले व्हते!"

*

माझं लग्न ठरलं, मुलगी देगलूरची. रजेच्या अर्जावर साहेबांचा शेरा: 'रजा मंजूर. सदर कृत्य वैयक्तिक असून शासन जबाबदार नाही.' बायकोनं तो अर्ज जपून ठेवलाय. भांडण झालं की काढून दाखवते!

*

आणि रेणापूरकडच्या सोजरमावशी. एकटी बाई, दीड एकर रान, सगळी भिस्त एका विहिरीवर. रस्त्याच्या कामावरच्या सरकारी जेसीबीनं गट नंबर चुकवून तीच बुजवली. आमचं उत्तर ठरलेलं. पढवलेला ऑपरेटरही कोर्टात म्हणाला, "म्या माझ्या मनानं बुजवली."

मावशी मागून उठल्या. "मनानं बुजवलीस, लेकरा. पर डिझेल कुनाचं व्हतं?"

सगळे हसले. न्यायाधीश हसले नाहीत, त्यांनी तोच प्रश्न ऑपरेटरला विचारला. तो खाली मान घालून म्हणाला, "सरकारचं."

दावा आम्ही हरलो. अपील करू नये, असं मत साहेबांनी स्वतः लिहून दिलं आणि त्या दिवशी डबा पोटभर खाल्ला.

सरकारला विहीर पुन्हा खोदून द्यावी लागली. पाणी लागलं तशी मावशी भरली कळशी घेऊन एसटीनं थेट ऑफिसात! "सरकारला प्यायला आणलंय," म्हणाल्या.

आमच्याकडे बाहेरून जे येईल ते आवक रजिस्टरला चढवायची पद्धत. मी सवयीनं पेन उघडलं. "साहेब, कुणाच्या नावानं घेऊ? तुमच्या?"

साहेबांनी उभ्यानंच तांब्याभर पाणी पिऊन टाकलं. मिशा पुसल्या.

"माझ्या नको. शासन प्यालं, असं लिही."